भूल, ऑपरेशन आणि औषधाची रिॲक्शन: आधी, त्या दिवशी आणि नंतर काय करायचं

"कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का, काकू?"

"आहे ना. पेनिसिलिनची."

"तेव्हा काय झालं होतं?"

"मला कुठलं आठवायला! लहानपणीची गोष्ट. आई सांगायची, हिला पेनिसिलिन द्यायचं नाही म्हणून."

ऑपरेशनपूर्व तपासणीत आम्हा भूल देणाऱ्यांच्या कानांवरून हा संवाद इतक्यांदा गेलेला असतो की पुढचं काम हात आपोआप करतो. फाइलच्या कोपऱ्यात लाल शाईने 'पेनिसिलिन ॲलर्जी' असं लिहिलं जातं. जखमेत पू होऊ नये म्हणून एरवी जे नेहमीचं अँटिबायोटिक दिलं असतं ते बाजूला पडतं आणि दुसरं निवडलं जातं. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ ॲनेस्थेटिस्ट्सने २०१८ मध्ये एक देशव्यापी पाहणी प्रसिद्ध केली. त्यात अँटिबायोटिकांपैकी गंभीर रिॲक्शनचं प्रमाण सर्वांत जास्त निघालं ते टायकोप्लॅनिनचं. आणि हे औषध अनेकदा दिलं जात होतं ते फाइलवर 'पेनिसिलिन चालत नाही' असं लिहिलेल्यांनाच. ॲलर्जी टाळायला गेले आणि ॲलर्जीच्याच तावडीत सापडले, असा तो प्रकार.

त्यामुळे या लेखात मी पुन्हा पुन्हा तीन प्रश्नांवर येणार आहे. कुठलं औषध? दिल्यावर किती वेळाने? नेमकं काय झालं? 'ॲलर्जी आहे' एवढ्या मोघम वाक्याने भूल देणाऱ्याचे हात बांधले जातात आणि रुग्णाला संरक्षण मात्र मिळत नाही.

आधी धोका किती ते पाहू, कारण याबाबतीत लोक एक तर फार घाबरतात किंवा अजिबात विचारच करत नाहीत. वर सांगितलेल्या पाहणीनुसार गंभीर ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतू शकणारी ॲलर्जिक रिॲक्शन, साधारण १०,००० भुलींमागे एकदा होते. वर्षभरात नोंदल्या गेलेल्या २६६ गंभीर घटनांपैकी ४० जणांचं हृदय बंद पडलं आणि १० जण दगावले. म्हणजे उपचार हाताशी असल्यामुळे बहुतेक जण वाचले. तेव्हा या भीतीपोटी गरजेचं ऑपरेशन पुढे ढकलू नका. पण ज्याला एकदा अशी रिॲक्शन येऊन गेली आहे, त्याच्यासाठी हा आकडा निरुपयोगी आहे. त्याला कारण शोधावंच लागतं.

पायरी १: ऑपरेशन ठरलं की जुनी रिॲक्शन कागदावर उतरवा

हे काम घरी, शांतपणे, आठवण असलेल्या माणसांना विचारून करायचं. तपासणीच्या खोलीत पाच मिनिटांत ते होत नाही. जमलं तर जुनी डिस्चार्ज कार्डं आणि चिठ्ठ्या काढून बसा. प्रत्येक संशयित औषधापुढे एवढं लिहा:

- औषधाचं नाव. मूळ नाव आठवत नसेल तर गोळीच्या पाकिटावरचं नाव, तेही नसेल तर 'दात काढताना दिलेलं इंजेक्शन' एवढं तरी.
- गोळी होती की इंजेक्शन, आणि पहिल्याच डोसला झालं की काही दिवस घेतल्यावर.
- घेतल्यापासून किती वेळाने त्रास सुरू झाला.
- काय झालं: अंगावर गांधी, ओठ-डोळे सुजणं, घसा आवळणं, धाप, शुद्ध हरपणं, की नुसती मळमळ आणि जुलाब.
- त्यावर काय उपचार झाले, आणि दवाखान्यात ठेवावं लागलं का.
- त्यानंतर तेच किंवा त्या जातीचं औषध पुन्हा घेतलं का, आणि घेतलं तर काय झालं.

शेवटचा मुद्दा सगळ्यांत कामाचा आहे आणि तोच कुणी सांगत नाही. 'पेनिसिलिन चालत नाही' म्हणणाऱ्या माणसाने मधल्या काळात घसा धरला म्हणून ॲमॉक्सिसिलिनचा पाच दिवसांचा कोर्स बिनबोभाट पुरा केलेला असतो. ॲमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्याच घराण्यातलं. ही एक आठवण निघाली तरी लाल शाईतल्या त्या नोंदीचा फेरविचार करता येतो.

पेनिसिलिनबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण या एका नावाने जेवढा गोंधळ घातला आहे तेवढा दुसऱ्या कशाने घातलेला नाही. ज्यांच्या नावावर ही ॲलर्जी लागलेली असते त्यांची रीतसर तपासणी केली तर दहापैकी नऊ किंवा त्याहून जास्त जणांना ते औषध व्यवस्थित चालतं. काहींच्या बाबतीत लहानपणी अंगावर आलेलं पुरळ तापाच्या विषाणूचं होतं, औषधाचं नव्हतं. काहींची ॲलर्जी खरी होती, पण कालांतराने ओसरली. दहा वर्षं औषधाशी संबंध न आल्यास सुमारे ८० टक्के लोकांची ही संवेदनशीलता निघून जाते. शिवाय ऑपरेशनआधी सर्रास वापरलं जाणारं सेफाझोलिन पेनिसिलिनच्या नात्यातलं असलं तरी त्याची रासायनिक उपशाखा वेगळी आहे, त्यामुळे पेनिसिलिन न चालणाऱ्या बहुतेकांना ते चालतं. नोंद चुकीची असली की पर्यायी अँटिबायोटिक मिळतं, आणि ते जखमेतला संसर्ग रोखायला अनेकदा कमी पडतं. म्हणून ऑपरेशनला अजून महिना-दोन महिने असतील आणि पेनिसिलिनची नोंद संशयास्पद वाटत असेल, तर आधी ॲलर्जीतज्ज्ञांकडून तिचा निकाल लावून घ्यावा. माझ्या मते ऑपरेशनपूर्व तयारीत इतकं स्वस्तात पदरात पडणारं दुसरं काही नाही.

ॲलर्जी म्हणून खपणाऱ्या काही गोष्टी

दाताच्या इंजेक्शननंतर छाती धडधडली, हातपाय थरथरले: बहुतेक वेळा हा त्या इंजेक्शनमधल्या ॲड्रेनॅलिनचा परिणाम असतो, किंवा घाबरून चक्कर आलेली असते. लिग्नोकेनच्या जातीच्या, जागा बधिर करणाऱ्या औषधांची खरी ॲलर्जी फारच विरळा.

मॉर्फिननंतर नाकाला खाज सुटली, उलट्या झाल्या: हा मॉर्फिनचा नेहमीचा दुष्परिणाम. व्हँकोमायसिन या अँटिबायोटिकची सलाईन भराभर सोडल्यावर मान आणि छाती लालबुंद होते, तीही बहुधा वेगाची तक्रार असते. सलाईन सावकाश सोडली की बरेचदा तीच बाटली विनातक्रार संपते.

अंड्याची किंवा सोयाबीनची ॲलर्जी असलेल्यांना प्रोपोफॉल हे भुलीतलं झोपेचं औषध चालत नाही, ही समजूत जुनी. प्रोपोफॉलच्या दुधाळ द्रावणात सोयाबीनचं तेल आणि अंड्यातलं लेसिथिन असतं हे खरं, पण ॲलर्जी होते ती प्रथिनांमुळे आणि अशा रुग्णांमध्ये प्रोपोफॉलने जास्त रिॲक्शन येतात असं दिसलेलं नाही. कोळंबीची ॲलर्जी म्हणजे आयोडीनची ॲलर्जी, हीसुद्धा तशीच दंतकथा. कोळंबीतलं जे प्रथिन बाधतं त्याचा आयोडीनशी काही संबंध नाही.

याउलट दोन गोष्टी ॲलर्जी नसूनही आवर्जून सांगायच्या. घरात कुणाला भुलीत अचानक प्रचंड ताप चढून स्नायू ताठ झाले होते का? किंवा ऑपरेशननंतर कुणी तासन्‌तास स्वतःहून श्वास घेत नव्हतं म्हणून मशीनवर ठेवावं लागलं होतं का? हे दोन्ही विकार आनुवंशिक असतात. भाऊ, काका, आजी, कुणाच्याही बाबतीत असं ऐकलं असेल तरी सांगा. अर्धवट माहितीही चालेल.

संशयित कोण कोण असतात

भुलीच्या पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत रुग्णाच्या शरीरात पाच-सहा औषधं एकामागोमाग जातात: वेदनाशामक, झोपेचं, स्नायू सैल करणारं, अँटिबायोटिक, उलटी थांबवणारं. पाठोपाठ त्वचा जंतुनाशकाने पुसली जाते, लघवीची नळी जेली लावून घातली जाते, रबरी हातमोजे लागतात. त्या गर्दीतून गुन्हेगार शोधायचा असतो.

ब्रिटिश पाहणीत कारण निश्चित झालेल्या घटनांपैकी ४७ टक्के अँटिबायोटिकांच्या, ३३ टक्के स्नायू सैल करणाऱ्या औषधांच्या, ९ टक्के क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या आणि ५ टक्क्यांच्या आसपास पेटंट ब्लू या निळ्या रंगाच्या नावावर जमा झाल्या. हा रंग स्तनाच्या कर्करोगात लसिकाग्रंथी शोधायला टोचतात.

स्नायू सैल करणारी औषधं, म्हणजे सक्सिनिलकोलीन, रोक्युरोनियम, व्हेक्युरोनियम, ॲट्राक्युरियम, आयुष्यात पहिल्यांदा दिली तरी रिॲक्शन येऊ शकते. हे कसं, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. या औषधांच्या रेणूचा जो भाग ॲलर्जी जागवतो, तसाच भाग इतरही काही रसायनांमध्ये असतो. फोल्कोडिन नावाचं खोकल्याचं औषध हे त्याचं ठळक उदाहरण. ते घेतलेल्या लोकांमध्ये पुढे भुलीत रिॲक्शनचा धोका वाढतो असं दिसल्यावर नॉर्वेत ते २००७ मध्ये बाजारातून गेलं, आणि युरोपीय औषध नियामक संस्थेने डिसेंबर २०२२ मध्ये ते सगळीकडून मागे घेण्याची शिफारस केली. खोकल्याची बाटली आणि भुलीतली रिॲक्शन यांचा असा संबंध लागेल हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसेल.

क्लोरहेक्सिडिन हा छुपा रुस्तम. ते त्वचा पुसण्याच्या द्रावणात असतं, लघवीच्या नळीच्या जेलीत असतं, काही मध्यवर्ती शिरेच्या नळ्यांवर त्याचा लेप असतो आणि गुळण्या करण्याच्या औषधातही असतं. ते इंजेक्शनच्या यादीत येत नाही, म्हणून संशयितांच्या यादीतूनही निसटतं. गुळण्यांनंतर ओठ सुजणं, ड्रेसिंग पुसल्यावर अंगावर गांधी येणं, असं काही पूर्वी झालं असेल तर ते 'औषध' नव्हतं म्हणून गाळू नका. तेच रबराचं. फुगा फुगवताना ओठ सुजणाऱ्या किंवा केळं, किवी, ॲव्होकॅडो खाल्ल्यावर तोंडात खाज येणाऱ्या माणसाने लेटेक्सचा, म्हणजे नैसर्गिक रबराचा, उल्लेख जरूर करावा. लहानपणापासून अनेक ऑपरेशनं झालेल्यांनीही करावा.

पायरी २: भूलतज्ज्ञांना भेटताना

लिहिलेला कागद पुढे करा. बोलण्यात अर्धं राहून जातं. आधी भूल झाली असेल आणि तेव्हा काही बिनसलं असेल, तर त्या वेळचा भुलीचा तक्ता मिळवण्याचा जोरदार प्रयत्न करा. डिस्चार्ज कार्डावर 'ऑपरेशनदरम्यान गुंतागुंत' एवढंच असतं. तक्त्यावर मात्र कुठलं औषध किती वाजता गेलं आणि रक्तदाब किती वाजता पडला ते मिनिटागणिक असतं.

दम्याचा त्रास असेल तर तो सध्या आटोक्यात आहे का ते सांगा. रक्तदाबाच्या गोळ्यांची नावं द्या. बीटा ब्लॉकर जातीच्या गोळ्या चालू असतील तर रिॲक्शनवरचं मुख्य औषध, ॲड्रेनॅलिन, नीट लागू पडत नाही, त्यामुळे भूलतज्ज्ञाला पर्याय तयार ठेवावे लागतात. मात्र हे वाचून गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. त्याने दुसरंच संकट ओढवेल.

बऱ्याच रुग्णांना वाटतं की सगळ्याच औषधांची आधी थोडी 'टेस्ट' करून घ्यावी. हातावर अँटिबायोटिकचा थेंब टोचून अर्धा तास पाहिलं आणि काही झालं नाही, की सुरक्षित. दुर्दैवाने एवढं सोपं नाही. पूर्वी कधीच त्रास न झालेल्या माणसात अशी चाचणी फारसं काही सांगत नाही. ती निगेटिव्ह आली तरी रिॲक्शन येऊ शकते, आणि खोटी पॉझिटिव्ह आली तर चांगलं औषध आयुष्यभरासाठी हातचं जातं. आधी सेटिरिझिनसारखी ॲलर्जीची गोळी आणि स्टेरॉइड देऊन ठेवलं की ॲनाफिलॅक्सिस टळतो, हाही भरवसा धरता येत नाही.

पायरी ३: ऑपरेशनच्या दिवशी

शुद्धीत असेपर्यंत तुम्ही स्वतः सगळ्यांत चांगलं यंत्र आहात. सलाईनमधून काही दिल्यावर तळहातांना किंवा टाळूला खाज आली, जीभ जड वाटली, घसा आवळल्यासारखा झाला, अंगात एकदम गरम लाट उसळली, पोटात कळ आली किंवा काही कारण नसताना 'आता काही खरं नाही' अशी भीती दाटून आली, तर लगेच मोठ्याने सांगा. हे शेवटचं लक्षण लोक संकोचाने दाबतात, पण आम्ही ते गंभीरपणे घेतो.

याच कारणासाठी शक्य असेल तिथे अँटिबायोटिक भूल देण्याच्या काही मिनिटं आधी, रुग्ण जागा असताना दिलं तर बरं पडतं. रिॲक्शन आलीच तर रुग्ण बोलू शकतो, आणि बाकीची औषधं अजून गेलेली नसल्याने आरोपी एकच उरतो. मणक्यातून भूल दिली असेल तर ऑपरेशनभर बोलायची मुभा असतेच.

आत काय चालतं, बाहेर काय समजतं

झोपलेल्या रुग्णाला खाज सांगता येत नाही. अंग हिरव्या कापडाखाली झाकलेलं असतं, त्यामुळे गांधी दिसत नाहीत. पुष्कळदा त्या नंतर येतात, रक्तदाब सावरल्यावर. ब्रिटिश पाहणीत जवळपास निम्म्या घटनांत पहिली खूण होती ती नुसता रक्तदाब पडणं. आता, भुलीत रक्तदाब तसाही पडतो. म्हणून पहिली दोन मिनिटं चकवणारी असतात. दंडावरची पट्टी फुगते, आकडा उमटत नाही, ती पुन्हा फुगते. नेहमीचं औषध देऊनही दाब वर येत नाही. बोटावरच्या सेन्सरची टिकटिक वेगाने आणि खालच्या सुरात जाऊ लागते. श्वासातून येणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची पडद्यावरची चौकोनी कमान बुटकी होते, आणि फुफ्फुसं आवळली असतील तर तिचा माथा तिरका होतो. ही दोन-तीन चिन्हं जुळली की भूलतज्ज्ञ मोठ्याने 'ॲनाफिलॅक्सिस' म्हणतो, मदत बोलावतो आणि सर्जनला हात थांबवायला सांगतो. दोन-तृतीयांश घटनांत हे सगळं औषध गेल्यापासून पाच मिनिटांच्या आत सुरू झालेलं असतं.

त्या क्षणी शरीरात काय होतं? ॲलर्जी घडवणाऱ्या मास्ट पेशी हिस्टामिन आणि इतर रसायनं एकदम ओततात. रक्तवाहिन्या सैल पडतात आणि गळू लागतात. दहा मिनिटांत रक्तवाहिन्यांमधला ३५ टक्क्यांपर्यंत द्रव भाग बाहेर झिरपू शकतो. यावर औषध एकच, ॲड्रेनॅलिन. ते वाहिन्या आवळतं, हृदयाला जोर देतं, श्वासनलिका उघडतं आणि मास्ट पेशींना आवरतं. शिरेची सोय आणि मॉनिटर असताना मोठ्या माणसाला भूलतज्ज्ञ ५० मायक्रोग्रॅमसारख्या छोट्या मात्रा शिरेतून पुन्हा पुन्हा देतात. वॉर्डात मॉनिटर नसेल तर अर्धा मिलिग्रॅम मांडीच्या स्नायूत. पाय वर करतात, सलाईनच्या बाटल्या धडाधड सोडतात. वरचा रक्तदाब ५० च्या खाली गेला तर नाडी लागत असली तरी छातीवर दाब देणं सुरू करतात. ॲव्हिल (ॲलर्जीचं औषध) आणि हायड्रोकॉर्टिसोन (स्टेरॉइड) नंतर, सवडीने. त्यांनी खाज कमी होते, जीव वाचत नाही. वॉर्डात अजूनही काही ठिकाणी आधी या दोन्हींची इंजेक्शनं शोधली जातात आणि ॲड्रेनॅलिन मागे राहतं. हा क्रम उलटा आहे, आणि त्यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे.

बाहेर बसलेल्या नातेवाइकांना एवढंच कळतं की वेळ लागतोय आणि आत लोक पळतायत. डॉक्टर बाहेर आल्यावर ऑपरेशन अर्धवट का थांबवलं, यावर वाद घालू नका. तातडीचं नसेल तर थांबवणं हाच बहुतेक वेळा शहाणपणाचा निर्णय असतो. त्याऐवजी खालचं काम हाती घ्या.

पायरी ४: पहिले २४ तास आणि एक रक्ततपासणी

रिॲक्शन शमल्यावर काही तासांनी पुन्हा उसळू शकते, म्हणून रुग्णाला अतिदक्षता विभागात देखरेखीखाली ठेवतात. या काळात ट्रिप्टेज नावाच्या तपासणीसाठी रक्त घेतलं गेलं का, ते विचारायचं असतं.

ट्रिप्टेज हे मास्ट पेशींमधलं प्रथिन. त्या फुटल्या की रक्तात त्याची पातळी चढते आणि साधारण दर दोन तासांनी निम्मी होत जाते. म्हणजे उद्या सकाळी तपासू म्हटलं तर पुरावा नाहीसा झालेला असतो. पहिला नमुना रुग्ण सावरताच, दुसरा रिॲक्शननंतर एक ते दोन तासांनी आणि फार तर चार तासांच्या आत, आणि तिसरा २४ तास उलटून गेल्यावर, मूळ पातळी समजण्यासाठी. हिशेब असा: मूळ पातळीच्या १.२ पट करायची, त्यात २ मिळवायचे. रिॲक्शनच्या वेळचा आकडा त्याहून जास्त निघाला तर मास्ट पेशी फुटल्या होत्या असं धरतात. समजा मूळ पातळी ५ आहे. पाचाची १.२ पट ६, अधिक २ म्हणजे ८. रिॲक्शनच्या वेळी १४ होती, तर हा मामला ॲनाफिलॅक्सिसचाच, नुसता भुलीने पडलेला रक्तदाब नव्हे. म्हणूनच तिसरा नमुना टाळता कामा नये. तो नसेल तर पहिल्या दोघांची तुलना कशाशी करणार? मूळ पातळीच चढी निघाली तर मास्ट पेशींचा एखादा आजार आहे का, तेही पाहावं लागतं.

आकडा वाढला नाही म्हणून ॲलर्जी नव्हती असं मात्र ठरत नाही. रुग्णालयात ही तपासणी होत नसली तरी रक्तातला सीरम, म्हणजे पातळ भाग, वेगळा करून थंड जागी ठेवता येतो आणि नंतर बाहेर पाठवता येतो. "इथे होत नाही" हे उत्तर आलं तर "नमुना तरी काढून ठेवता का?" असं नम्रपणे विचारा.

पायरी ५: कागद घेतल्याशिवाय घरी जाऊ नका

डिस्चार्जच्या गडबडीत हे राहतं आणि पुढे वर्षानुवर्षं छळतं. तीन गोष्टींच्या प्रती हव्यात: भुलीचा पूर्ण तक्ता, ट्रिप्टेजचे सगळे रिपोर्ट नमुना घेतल्याच्या वेळेसह, आणि भूलतज्ज्ञाचं सहीचं पत्र. पत्रात रिॲक्शनच्या आधीच्या तासाभरात दिलेलं प्रत्येक औषध वेळेसकट हवं. त्यात जंतुनाशक, जेली, रंग, सलाईनचा प्रकार आणि हातमोजेही आले. 'भुलीची ॲलर्जी' असं लिहिलेलं पत्र स्वीकारू नका. भूल हे एक औषध नव्हे. असं पत्र दाखवलं की पुढचा डॉक्टर घाबरतो, आणि काय टाळायचं ते त्याला कळत नाही ते नाहीच.

घरी गेल्यावर अँटिबायोटिक किंवा वेदनाशामक गोळीनेही रिॲक्शन येऊ शकते. अंगभर गांधी उठून धाप किंवा चक्कर आली तर माणसाला आडवं करा, पाय वर घ्या, दम लागत असेल तर टेकून बसवा, आणि थेट इस्पितळ गाठा. आणखी एक वेगळा, सावकाश येणारा प्रकार असतो: काही दिवसांनी ताप, तोंडात आणि डोळ्यांत फोड, त्वचा सोलून निघणं. तोही तितकाच तातडीचा. पण त्याची जातकुळी निराळी आहे, आणि ते औषध पुन्हा देऊन पाहण्याचा प्रश्नच येत नाही.

पायरी ६: कारण शोधणं

त्वचेच्या चाचण्या रिॲक्शननंतर साधारण चार ते सहा आठवड्यांनी करतात. त्याआधी मास्ट पेशी रिकाम्या झालेल्या असल्याने चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. भुलीच्या औषधांचा अनुभव असलेला ॲलर्जीतज्ज्ञ शोधा. धूळ आणि परागकणांची ठरावीक चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळेत हे काम होत नाही. चाचणीच्या पाच ते सात दिवस आधी सेटिरिझिनसारख्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात. सर्दी-खोकल्याच्या मिश्र गोळ्यांतही त्या जातीचं औषध असतं, हे लक्षात असू द्या.

आधी विरळ केलेल्या औषधाचा थेंब ठेवून त्वचेला हलकी टोच देतात, मग गरजेनुसार त्वचेच्या आत इंजेक्शन. काही औषधांसाठी रक्तातल्या विशिष्ट प्रतिपिंडांची तपासणी असते. उत्तर संदिग्ध राहिलं तर देखरेखीखाली, अगदी थोड्या मात्रेपासून, औषध देऊन पाहतात. तक्त्यावरचं प्रत्येक औषध तपासलं जायला हवं. सगळ्यांचा संशय एकाच औषधावर असला तरीही. शिवाय क्लोरहेक्सिडिन आणि लेटेक्स तपासायला सांगा, ती कागदावर असोत वा नसोत. स्नायू सैल करणारं औषध दोषी ठरलं तर तिथे थांबून चालत नाही, कारण ही औषधं एकमेकांची भावंडं आहेत. एकाची ॲलर्जी असणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांना आणखी एखादं तरी बाधतं. म्हणून चालेल असं कुठलं, ते याच बैठकीत शोधून घ्यायचं.

अहवालात दोन याद्या हव्यात: काय टाळायचं आणि काय सुरक्षित आहे. रुग्ण पहिली जपून ठेवतात, पण भूल देणाऱ्याला जास्त उपयोगी पडते ती दुसरी. दोन्ही पाकिटात, मोबाइलमध्ये आणि घरातल्या एका जबाबदार माणसाकडे असू द्या. गंभीर ॲलर्जी असेल तर हातात इशारापट्टीही घाला.

चाचणीआधीच तातडीचं ऑपरेशन आलं तर

अपेंडिक्स चार आठवडे थांबत नाही. अशा वेळी मागच्या रिॲक्शनआधीच्या तासाभरातलं प्रत्येक औषध संशयित धरून टाळतात. त्वचा क्लोरहेक्सिडिनऐवजी पोव्हिडोन आयोडीनने पुसतात, लेटेक्स नसलेले मोजे वापरतात. जमण्यासारखं असेल तर मणक्यातून किंवा त्या भागापुरती भूल देतात. पूर्ण भूल लागलीच, तर श्वासातून देण्याच्या वायूंचा आधार मोठा असतो, कारण त्यांच्यामुळे ॲनाफिलॅक्सिस होत नाही. स्नायू सैल करणाऱ्या औषधावर संशय असेल तर त्या सगळ्या जातीलाच शक्यतो फाटा देतात. औषधं कमीत कमी, एकेक करून, मध्ये अंतर ठेवून. ॲड्रेनॅलिन सिरिंजमध्ये भरून टेबलावर, आणि अतिदक्षता विभागात एक खाट राखून.

हे सगळं जमतं ते तासाभराची ती यादी हाती असेल तरच. ती मूळ रुग्णालयात अडकली असेल तर नातेवाइकांपैकी एकाने लगेच तिथे फोन लावावा, तक्त्याचा फोटो मागवावा आणि तो थेट भूलतज्ज्ञाच्या मोबाइलवर पाठवावा. ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही करायची धावपळ दुसऱ्या कुणीतरी बघेल.